पाहुण्या समर्थकांना बसवायचं कुठं?

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या संघाच्या समर्थकांना ३००० तिकिटं द्यावी लागतात, मैदान लहान असेल तर क्षमतेच्या १० टक्के. आपल्या शाहू स्टेडियमवर पाहुणा कोण? पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ, सगळे कोल्हापूरचेच आणि मैदानही एकच. इथं पाहुणा म्हणजे समोरच्या गॅलरीत बसलेला बहिणीचा दीर!

म्हणूनच कुणी कुठं बसायचं हे नुसत्या सवयीवर सोडून चालत नाही. पेठापेठांतली ईर्षा हा आपल्या फुटबॉलचा जीव आहे, ती घालवा असं कोण म्हणतंय? घोषणा होऊ देत, हलगी कडाडू दे. पण दोन गट एकमेकांना खेटले की ठिणगी पडते, आणि मॅच सुटल्यावर गेटवर तर हमखास. आत वेगळं बसवून शेवटी एकाच दारातून सोडायचं असेल तर एवढा पोलीस बंदोबस्त कशाला?

२०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव आपल्याच मातीतला. असं स्वप्न घेऊन बापाचं बोट धरून येणाऱ्या पोरांसाठी, घरातल्या बायकांसाठी मधली गॅलरी ठेवा. ती कुठल्याच तालमीची नको. बाकीच्या बाजू केएसएनं दोन्ही तालमींना बोलावून आदल्या दिवशीच ठरवाव्यात, पटत नसेल तर सरळ टॉस. गेटं वेगळी. हरलेल्यांना आधी सोडा. जिंकलेल्यांना पंधरा मिनिटं थांबवा, नाचू देत की आतच!