सोडायचा होता, तर धरला कशाला?

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात अमेरिकेतल्या भाच्याने मोबाईलवर एक फोटो पाठवला. कमरेइतक्या पाण्यात स्वारी उभी, अंगात रबरी विजार, डोक्यावर टोपी आणि दोन्ही हातांच्या ओंजळीत ठिपक्याठिपक्यांचा हातभर मासा. खाली मजकूर होता : ‘‘मामा, मोंटानातल्या मॅडिसन नदीतला ट्राउट. फोटो काढला आणि लगेच सोडून दिला.’’ फोटो घरभर फिरला. सौभाग्यवतींनी चष्मा लावून तो नीट न्याहाळला आणि सरळ प्रश्न केला, ‘‘अहो, सोडायचा होता, तर धरला कशाला?’’

प्रश्न साधा होता, पण मला त्याचे उत्तर लगेच देता येईना. सांगोल्यासारख्या गावात, जिथे पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि चहा न घेताच निघून जातो, तिथे बसून मासे धरण्याच्या छंदावर लिहावे, हे काहींना हास्यास्पद वाटेल. डाळिंब, खिलार बैल आणि दुष्काळ ही आमच्या तालुक्याची ओळख. मासा त्यात बसत नाही. तरीही आमच्या गावाला नदी आहे. तिचे नाव माण. तिच्याच काठी मी गळ टाकायला शिकलो आणि सौभाग्यवतींच्या प्रश्नाचे उत्तरही मला तिथेच सापडले.

आधी भाच्याच्या छंदाविषयी. आपला गळ ठाऊकच आहे : काठी, दोरा, आकडा आणि आकड्याला गांडूळ. साहेबाच्या या प्रकारात गांडुळाला मज्जाव. पिसे, केस आणि रंगीत दोरा आकड्याभोवती गुंडाळून हुबेहूब माशी तयार करायची. या माशीला वजन असे नसतेच, म्हणून दोराच जड घ्यायचा आणि तो डोक्यावरून मागेपुढे झुलवत माशी अशी अलगद पाण्यावर ठेवायची, की माशाला ती खरीच वाटावी. माशी दाखवून मासा धरायचा, असा हा खेळ! तो आजचाही नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकातल्या ईलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसिडोनियातले लोक लाल लोकर आणि कोंबड्याची पिसे आकड्याला बांधून मासे धरतात, असे लिहून ठेवले आहे. इंग्लंडात आयझॅक वॉल्टनचे गळावरचे प्रसिद्ध पुस्तक १६५३ साली निघाले, आणि मद्रास इलाख्यातले मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांनी १८७३ मध्ये हिंदुस्थानातल्या गळाच्या शिकारीवर ग्रंथ लिहिला.

हे वाचून ‘म्हणजे हा साहेबांचा रिकामपणाचा उद्योग’ असे म्हणायचा मोह होतो. पण थोडे थांबावे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इसवी सन ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने राज्य कसे करावे इथपासून स्वयंपाकघरात काय शिजावे इथपर्यंत सारे त्यात आहे. त्यातच ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. समुद्रातले मासे कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, कोणाला कोणते आमिष लागते आणि गळ कसा टाकावा, याची त्यात चर्चा आहे. वॉल्टनच्या पाचशे वर्षे आधीची ही गोष्ट! कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आणि आमच्या शेजारचे मंगळवेढे हे त्याच चालुक्यांचे मांडलिक असलेल्या कलचुरींचे ठाणे. तेव्हा गळाचा नाद आमच्या मुलखाला परका म्हणता येणार नाही. आम्हीच तो विसरलो.

माण नदी सातारा जिल्ह्यात महादेवाच्या डोंगरात उगम पावते. दहिवडी, म्हसवड करत आटपाडी आणि सांगोला तालुक्यांतून पुढे जाऊन भीमेला मिळते. माझ्या लहानपणी पावसाळ्यानंतर तिची धार आटली, तरी जागोजागी डोह उरत. त्या डोहांवर आमची सुटी जाई. कळकाची काठी, बाजारातून आणलेला तंगूस, दोन पैशांचा आकडा आणि तरंगा म्हणून ज्वारीच्या चिपाडाचा गाभा, एवढेच आमचे भांडवल. भोई आळीतले एक मामा आमचे गुरू. सगळी मुले त्यांना मामाच म्हणत. सावली पाण्यावर पडू द्यायची नाही, चिपाड नुसते थरथरले तर हलायचे नाही, बुडाले की मगच हिसका द्यायचा, हे सगळे त्यांनी शिकवले. शिंगाळा धरला तर काटा कसा चुकवायचा, वाम हातातून निसटू नये म्हणून हाताला वाळू कशी चोळायची, हेही त्यांचेच शिक्षण.

मामांना माशांची जेवढी नावे पाठ होती, तेवढी आम्हाला राजांची नव्हती. पुढे कळले, की शास्त्रानेही ही नावे आपल्याच भोयांकडून उचलली आहेत. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८२० च्या दशकात दख्खनभर हिंडून भीमेच्या खोऱ्यातले मासे गोळा केले आणि त्यांचे वर्णन १८४१ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या ग्रंथमालेत छापून आणले. नवीन माशांना नावे देताना त्याने काठावरच्या लोकांचेच शब्द लॅटिनच्या साच्यात बसवले : खुद्री, मुसुल्ला, नुक्ता, फुलंगी, शिंगाला. जगभरातल्या संग्रहालयांत बाटल्यांवर आजही हीच नावे आहेत. ज्यांनी ती सांगितली, त्या भोयांची नावे मात्र कुठेच नाहीत.

आता माझ्या आठवणीतल्या माशाविषयी. बहात्तरच्या दुष्काळाच्या दोन-तीन वर्षे आधीची ही गोष्ट. डोहाच्या एका कोपऱ्यात, लव्हाळ्याजवळ पाण्यावर तांबूस ठिपक्यांचा एक घोळका फिरताना दिसला. ताटाएवढा असेल. ती मरळीची पिले होती. मरळ आपल्या पिलांची राखण करते. घोळक्याच्या खालीच ती फिरत असते आणि जवळ येईल त्याच्यावर धावून जाते. मला हे ऐकून ठाऊक होते, म्हणूनच मी आकड्याला बेडकी लावून ती नेमकी त्या घोळक्यातून ओढली. दुसऱ्याच खेपेला पाणी फुटले, काठी वाकली आणि मी कसाबसा तिला काठावर ओढले. माझ्या हाताएवढी लांब, काळसर, सापासारख्या तोंडाची. आयुष्यात तेवढा मोठा मासा मी पहिल्यांदाच धरला होता.

मिरवत मिरवत भोई आळीत गेलो. मामांनी मासा पाहिला, शाबासकी काही दिली नाही. म्हणाले, ‘‘पिलावाली हाय ही. पिलं सोडून ती जात न्हाय, म्हून तुला घावली. ह्यात तुजी मर्दुमकी काय?’’ मी हिरमुसलो. आईने रात्री कालवण केले. ते चवीला उत्तम झाले होते, हेही प्रामाणिकपणे सांगून टाकतो. सकाळी पुन्हा डोहावर गेलो, तेव्हा तो तांबूस घोळका फुटला होता. चार इकडे, सहा तिकडे. बाभळीच्या फांदीवर खंड्या बसला होता आणि त्याला घाई नव्हती.

मग बहात्तर साल आले. माणेचे डोह आटले. आमची माणसे दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली, त्यांत मामाही होते. एका संध्याकाळी ते कामावरून परतताना डोहाच्या भेगाळलेल्या चिखलात उकरताना दिसले. मरळ हवेतला श्वास घेऊ शकते, ओल्या चिखलात काही काळ तग धरते. मामांनी दोन जिवंत मरळी काढल्या. मला वाटले, आज त्यांच्या घरी चूल पेटेल. पण त्यांनी त्या घागरीत घातल्या आणि थोडेफार पाणी टिकून असलेल्या एका विहिरीत नेऊन सोडल्या. मी विचारले, ‘‘मामा, खायच्या न्हाईत?’’ ते म्हणाले, ‘‘बी ऱ्हायला पायजे, बाळ. बियाणाचं दाणं कुणी खातंय का?’’

घरात धान्य नसताना हे बोलणाऱ्या माणसाने मॅडिसन नदीचे नाव ऐकलेले नव्हते. पण सौभाग्यवतींच्या प्रश्नाचे उत्तर त्याने पन्नास वर्षांपूर्वीच देऊन ठेवले होते.

पुढे नोकरीच्या निमित्ताने हिंडणे झाले, गळ सोबत राहिला. हर्णैच्या खडकांवर गरी टाकून दोन तास बसलो होतो. कोकणात गळाला गरी आणि या उद्योगाला गरवणे म्हणतात. माझ्या गरीला फक्त शेवाळ लागले आणि शेजारच्या दहा वर्षांच्या पोराने बघता बघता तांबोशी काढली. ‘‘काका, भरती लागली की टाकायची,’’ असे त्याने वर मला समजावले. उजनी धरण १९८० मध्ये पुरे झाले आणि भीमेचे पाणी तुंबून समुद्रासारखे पसरले, तिथेही बसलो. पण उजनीत गळाला लागते ती बहुतकरून चिलापी. ती मूळची आफ्रिकेतली. वाढते झपाट्याने, खाते सगळे, आणि साइक्सच्या यादीतल्या माशांना जागा ठेवत नाही. अलीकडे तर शोभेच्या टाक्यांतून नदीत आलेला, अंगभर कवच असलेला सकर मासा जाळी फाडू लागला आहे. कोणीतरी हौसेने आणलेला पाहुणा घराचा मालक होतो, तो असा.

मासा वाचवण्याचे चांगले कामही आपल्याच राज्यात झाले. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महसीर माशाची पैदास केली. साइक्सचा ‘खुद्री’ तो हाच. राज्याच्या मत्स्यखात्याचे माजी संचालक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांचा त्यात मोठा वाटा होता. लाखो पिले देशभरातल्या नद्यांत गेली. पण याच कथेला दुसरी बाजूही आहे. यातली काही पिले कावेरीत सोडली गेली. कावेरीचा स्वतःचा कुबडा महसीर होता. १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी कावेरीची उपनदी काबिनीत गळावर धरलेला १२० पौंडांचा विक्रमी मासा तो त्याच खोऱ्यातला. आज हा कुबडा मासा नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे, आणि त्याच्या कारणांत आपल्या लोणावळ्याच्या पाहुण्याचेही नाव घेतले जाते. म्हणजे सोडणे हेही समजून-उमजून करावे लागते. कुठला मासा, कुठल्या पाण्यात, याला महत्त्व आहे.

आपल्या लोकांना हे न शिकता कळत होते, असे कधी कधी वाटते. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. तिथले महसीर देवीचे मानले जातात आणि कोणी त्यांना हात लावत नाही. नदीत एक डोह जरी असा राखला, तरी बी टिकते.

याचा अर्थ कोणी मासे धरूच नयेत, असा मुळीच नाही. भोई-कोळ्यांचे जाळे पोटासाठी असते. त्यांना उपदेश करण्याचा अधिकार भरल्या पोटी गळ टाकणाऱ्या माझ्यासारख्याला नाही. संयमाची जबाबदारी आहे ती हौशी लोकांची. पहिल्या पुरात प्रवाहाविरुद्ध वर जाणारे चढणीचे मासे अंडी घालायला निघालेले असतात; गावोगाव ते घमेल्यांनी धरले जातात आणि जत्रा भरल्यासारखा आनंद होतो. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते ती याच विचाराने. मग ओढ्या-नद्यांवर हौसेखातर जाणाऱ्यांनी तेवढे दोन महिने गळ खुंटीला अडकवायला काय हरकत आहे?

आणि मासा राहतो कशात, हाही प्रश्न आहेच. आता कऱ्हाडजवळच्या टेंभूहून उचललेले कृष्णेचे पाणी माण खोऱ्यात येते. त्यासाठी आमच्या दोन पिढ्या झगडल्या. पाणी आले याचा आनंद डाळिंबाच्या बागेइतका नदीलाही झाला असेल. पण वाळू उपसून तळ खरवडलेल्या नदीत पाणी आले, तरी डोह कुठून येणार? वाळू गेली, लव्हाळे गेले, तर मरळीने पिले ठेवायची कुठे? पाण्याचा हिशेब करताना आपण माणसे, जनावरे आणि पिके मोजतो. त्या यादीत तळाशी एक ओळ नदीसाठीही ठेवावी, एवढीच मागणी आहे.

भाच्याचा फोटो आल्यावर पुढच्या रविवारी नातीला घेऊन माणेवर गेलो. आकड्याचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट केला होता, म्हणजे माशाच्या तोंडाला इजा कमी होते. तासाभराने चिपाड बुडाले. वीतभर लांबीची मरळ होती. नातीने ओल्या हाताने तिला धरले, डोळे मोठे करून पाहिले आणि लव्हाळ्याजवळ पाण्यात सोडले.

घरी आल्यावर सौभाग्यवतींनी विचारले, ‘‘काय मिळालं?’’

‘‘एक मरळ.’’

‘‘कुठाय?’’

‘‘नदीत.’’

त्यांनी एकवार नातीकडे पाहिले, एकवार माझ्याकडे. म्हणाल्या, ‘‘बरं. पिठलं केलंच आहे मी.’’