गोलांच्या तक्त्यात न मावणारा स्ट्रायकर

१/ थोर स्ट्रायकर कोण, हा वाद समाजमाध्यमांवर हल्ली एकाच शस्त्राने लढला जातो: गोलांचा तक्ता. ज्याच्या नावापुढे मोठा आकडा, तो थोर. इतिहासाच्या अभ्यासकाने हा निवाडा मुकाट्याने स्वीकारू नये. आकडा हे इतिहासाचे एक साधन आहे, आणि साधनाची चिकित्सा केल्याशिवाय त्याची साक्ष ग्राह्य धरता येत नाही.

२/ परभणी जिल्हा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी. बरोबर एका महिन्याने, १ डिसेंबरला, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे नमवले. प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा गोव्यात जन्मलेला आणि मुंबईत खेळणारा. परभणीची जुनी आणि नवी अशा दोन्ही राजधान्या त्या विजयात सहभागी होत्या.

३/ ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा नेव्हिल हा पहिला आशियाई फुटबॉलपटू. स्पर्धेत त्याचे गोल चार, म्हणजे संयुक्तपणे सर्वाधिक. तक्ता इथे मौन धरतो. नेव्हिलच्या पहिल्या दोन्ही गोलांची ऑस्ट्रेलियाने परतफेड केली होती. मध्यंतराला बरोबरी होती. ५०व्या मिनिटाचा तिसरा गोल मात्र निर्णायक ठरला. तक्त्यात तिन्ही गोलांचे वजन सारखेच. उजव्या बगलेवरून धावणारे पी. के. बॅनर्जी तर त्या रकान्यात दिसतही नाहीत.

४/ थोडे मागे जाऊ. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम सैल झाला: आघाडीवीर आणि गोलरेषा यांच्यामध्ये तीनऐवजी दोन प्रतिस्पर्धी असणे पुरेसे ठरले. गोलांचा पाऊस पडू लागला, तेव्हा संघांनी मधल्या हाफबॅकला बचावफळीत ओढले. त्याचे काम एकच, सेंटर फॉरवर्डची सावली होणे. या सावलीचे काय करायचे, हाच तेव्हापासून स्ट्रायकरपुढचा खरा प्रश्न आहे.

५/ त्याचे सर्वांत गाजलेले उत्तर २५ नोव्हेंबर १९५३ रोजी वेम्बलीवर मिळाले. हंगेरीचा नांदोर हिदेगकुटी नावाला सेंटर फॉरवर्ड, पण उभा राहायचा मागे. इंग्लंडच्या हॅरी जॉन्स्टनने पाठलाग करावा तर पाठीमागे खिंडार. जागा धरावी तर हिदेगकुटी मोकळा. हंगेरी ६, इंग्लंड ३, हिदेगकुटीचे तीन. ‘फॉल्स नाइन’ ही मेस्सीच्या काळाची देणगी मानणाऱ्यांनी हे साल ध्यानात ठेवावे.

६/ कबड्डी पाहत वाढलेल्याला हे कोडे वाटणार नाही. कसलेला चढाईपटू आधी हुलकावणी देतो, कोपरारक्षकाला एक पाऊल पुढे ओढतो, साखळी विस्कळीत करतो. गुण त्यानंतर मिळतो. गुणफलकावर स्पर्श नोंदला जातो, हुलकावणी नाही.

७/ २०१८च्या विश्वचषकात फ्रान्सच्या ऑलिव्हिए जिरूने सातही सामने खेळून एकही गोल केला नाही. फ्रान्स विश्वविजेता झाला. बचावपटूंना अंगावर घेऊन एम्बापे आणि ग्रीझमान यांना वाट करून देणे हे जिरूचे काम होते. हाच जिरू ५७ गोलांसह फ्रान्सचा तोवरचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला होता. तक्त्याच्या भक्तांनी सांगावे: शून्यावरून जोखायचे की ५७वरून?

८/ याहून ठसठशीत दाखला भारताचा. १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत बचावपटू जर्नेल सिंग यांच्या डोक्याला जखम झाली, टाके पडले. रहीम यांनी त्यांना सेंटर फॉरवर्ड म्हणून उतरवले. त्यांनी उपांत्य सामन्यात गोल केला आणि अंतिम सामन्यातही. दक्षिण कोरिया २-१ने पराभूत, सुवर्ण भारताचे. गोलांच्या जुन्या तक्त्यावरून संघ निवडला असता तर जर्नेल त्या जागी दिसले नसते.

९/ आक्षेप येईल: गोलाविना सामना जिंकता येतो का? नाही. हालांडचे २०२२-२३च्या प्रीमियर लीगमधले ३६ गोल कोणी नाकारत नाही. पण त्यांतला जवळजवळ प्रत्येक गोल चेंडू पायाशी येण्याआधीच्या धावेत घडतो: बचावपटूच्या नजरेआड जाणे, योग्य क्षणी उसळणे. आकडा हे फळ. मशागत शिकवायची सोडून फळे मोजत बसणारा शेतकरी मराठवाड्यात तरी शहाणा ठरत नाही.

१०/ हा वाद करमणुकीचा नाही. जून २०२४ मध्ये निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला मार्च २०२५ मध्ये, चाळिशीत, भारतीय संघात परत यावे लागले. नवा स्ट्रायकर हवा असेल तर परभणीपासून पणजीपर्यंतच्या मैदानांवर निवडीचे निकष बदलावे लागतील. चेंडूचा पहिला स्पर्श कसा आहे? धाव केव्हा सुरू होते? बचावपटू कोणाकडे ओढला जातो? चेंडू गमावल्यावर पहिला झडप घालतो कोण? या चार प्रश्नांची उत्तरे तक्त्यात नाहीत. ती पाहण्यासाठी चेंडूवरची नजर काढून मैदानाकडे पाहावे लागते.