विश्लेषण : एकेकाळी विपुल असलेला पिवळ्या छातीचा भारीट अतिसंकटग्रस्त का झाला?

महाराष्ट्रात हिवाळ्यात ज्वारीच्या शेतांवर भारीट पक्ष्यांचे थवे उतरतात. काळ्या डोक्याचा भारीट त्यातला परिचित पाहुणा. त्याचाच एक भाऊबंद, पिवळ्या छातीचा भारीट, आज नामशेष होण्याच्या मार्गावर आहे.

ओळख आणि अधिवास

हा पक्षी सुमारे १५ सेंटिमीटर लांबीचा, साधारण चिमणीएवढा. विणीच्या काळात नराचा चेहरा काळा, पाठ तांबूस तपकिरी, पोट गर्द पिवळे आणि छातीवर तपकिरी पट्टा असतो. मादी फिकट व रेघारेघांची असते. झुडपे असलेल्या ओलसर कुरणांत, जमिनीवर तो घरटे बांधतो. पिल्लांना कीटक भरवतो. हिवाळ्यात मात्र धान्य आणि गवताच्या बिया खातो.

प्रवास कसा होतो?

त्याचे विणीचे क्षेत्र पूर्वी फिनलंडपासून जपानपर्यंत पसरलेले होते. शरद ऋतूत हे पक्षी पूर्व चीनमार्गे आग्नेय आशिया, बांगलादेश, नेपाळ आणि ईशान्य भारतात येतात. दिवसभर भाताच्या खाचरांत चरायचे आणि रात्री हजारोंच्या संख्येने वेताच्या व बोरूच्या बेटांत मुक्काम करायचा, ही त्यांची सवय.

नेमके काय बिघडले?

हीच सवय त्यांच्या जिवावर उठली. मुक्कामाच्या जागी जाळे लावले की एका रात्रीत मोठा थवा हाती लागतो. दक्षिण चीनमध्ये ‘भातपक्षी’ म्हणून त्याचे मांस पौष्टिक मानले जाई. चीनने १९९७ मध्ये बंदी घातली, तरी २००१ मध्ये एकट्या ग्वांगडाँग प्रांतात सुमारे १० लाख पक्षी खाल्ले गेल्याचा अंदाज आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार १९८० ते २०१३ या काळात त्यांची संख्या ८४ ते ९५ टक्क्यांनी घटली. फिनलंडमधून तर त्याची वीण थांबली. बोरूची बेटे आणि कापणीनंतर पडीक राहणारी खाचरे कमी होणे, हीदेखील कारणे आहेत.

धोक्याची घंटा उशिरा वाजली का?

‘आययूसीएन’च्या यादीत २००४ पूर्वी हा पक्षी चिंतेचा विषयच नव्हता. २००८ मध्ये तो असुरक्षित, २०१३ मध्ये संकटग्रस्त आणि २०१७ मध्ये अतिसंकटग्रस्त ठरला. विपुल पक्ष्यांची मोजणी सहसा कोणी काटेकोरपणे करत नाही, त्यामुळे घट लक्षात येईपर्यंत बराच काळ जातो.

पुढे काय?

चीनने २०२० मध्ये वन्यप्राण्यांचे मांस खाण्यावर व्यापक बंदी आणली आणि २०२१ मध्ये या पक्ष्याला सर्वोच्च श्रेणीचे संरक्षण दिले. मात्र १९९७ नंतरचा अनुभव पाहता खरी कसोटी अंमलबजावणीची आहे. शिवाय स्थलांतरित पक्ष्याला एका देशाचे संरक्षण पुरत नाही. रशियातील कुरणापासून ईशान्य भारतातील भातखाचरापर्यंत प्रत्येक मुक्काम सुरक्षित राहिला, तरच हा भारीट तगेल.