भिंतीवरची रेघ मोजा

ऑगस्ट 2020च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून सोडलेलं पाणी वैनगंगेला आलं आणि भंडारा शहरात शिरलं. अशा वेळी आभाळ भरलेलं, त्यामुळे कॅमेऱ्याचा उपग्रह आंधळा. सेंटिनेल-1 या उपग्रहाचं रडार मात्र ढगांआडूनही पाणी टिपतं. मग पंचनाम्यासाठी तलाठ्यानं चिखल कशाला तुडवायचा, असं कुणी म्हणेल. पण हा उपग्रह त्याच वाटेनं 12 दिवसांनी परततो, पूर तोवर थांबत नाही. शिवाय भंडारा हा तलावांचा, धानाचा जिल्हा! रोवणीच्या दिवसांत बांधीतलं पाणी आणि पुराचं पाणी रडारला सारखंच काळं दिसतं. पाणी कुठवर पसरलं, हे रडारचं चित्र सांगेल. स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत चढलं की छताला टेकलं, हे भिंतीवरची गढूळ रेघच सांगते. चुना लावण्याआधी ती टेपनं मोजून पंचनाम्यात लिहा.