भगिनीसंघांचे दुहेरी स्वयंवर

अमेरिकेतील अनेक मोठ्या विद्यापीठांतून ऑगस्ट महिना उजाडला की वर्ग भरण्याच्या आधीच एक परीक्षा पार पडते. तिला अभ्यासक्रम नाही, प्रश्नपत्रिका नाही, गुणपत्रिका नाही. आणि नापास का झालो, हे विचारण्याची सोय तर मुळीच नाही. अठरा वर्षांच्या शेकडो मुली (अलाबामा विद्यापीठात तर अडीच हजारांच्या आसपास) आठवडाभर, कोठे त्याहूनही अधिक काळ, उन्हातान्हातून एका घरातून दुसऱ्या घरात हिंडतात, अनोळखी मुलींशी दहा-वीस मिनिटे हसून बोलतात आणि रात्री आपले नाव कोणत्या यादीत राहिले व कोणत्या यादीतून गळाले, याची वाट पाहत बसतात. ही 'सोरॉरिटी' नावाच्या भगिनीसंघांची सभासद-भरती होय. २०२१ च्या ऑगस्टमध्ये अलाबामातील मुलींनी आपल्या पोशाखांची चित्रणे टिकटॉकवर टाकली, तेव्हा साऱ्या जगाने हा सोहळा पाहिला आणि त्याची यथेच्छ थट्टा केली. थट्टेजोगे त्यात पुष्कळ आहे. परंतु जी गोष्ट दीड शतकाहून अधिक काळ टिकून आहे आणि जिच्या दाराशी दरवर्षी हजारो मुली स्वखुशीने उभ्या राहतात, ती केवळ झगमगीत कपड्यांवर उभी असेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

या संघांचा जन्म प्रतिष्ठेच्या हव्यासातून झाला नव्हता. जॉर्जिया राज्यातील मेकन येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात १८५१ साली पहिले गुप्त मंडळ निघाले. १८७० साली इंडियाना राज्यात 'कापा आल्फा थीटा' हा ग्रीक अक्षरांचे नाव धारण करणारा संघ स्थापन झाला, तो मुलग्यांच्या महाविद्यालयात नुकताच प्रवेश मिळालेल्या मूठभर मुलींनी एकमेकींना आधार द्यावा म्हणून. 'सोरॉरिटी' हा शब्दही १८८२ साली सिरॅक्यूज येथील लॅटिनच्या एका प्राध्यापकाने सुचविला. मुलींच्या मंडळाला 'फ्रॅटर्निटी', म्हणजे बंधुसंघ, म्हणणे त्यांना विसंगत वाटले. पुढे संघ वाढले, सभासदांची पळवापळव सुरू झाली आणि एकमेकांच्या आधी मुली गाठण्याच्या त्या धावपळीला 'रश' हे नाव चिकटले. १९०२ साली या संघांची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली, ती मुख्यतः ही पळवापळव थांबविण्यासाठी. आज या परिषदेच्या छत्राखाली पंचवीस-सव्वीस राष्ट्रीय संघ आहेत. 'रश' हा शब्द अधिकृत कागदपत्रांतून हद्दपार झाला असून त्या जागी 'भरती' हा सौम्य शब्द आला आहे. बोलण्यात मात्र जुनाच शब्द चालतो.

भरतीची पद्धत वरवर साधी आहे. मुलगी शुल्क भरून नाव नोंदविते. पहिल्या फेरीत तिला सगळ्या, किंवा जवळजवळ सगळ्या, संघांच्या घरी जावे लागते. त्यानंतरच्या फेऱ्यांत संघाचे सेवाकार्य व आपसांतील भगिनीभाव यांची ओळख करून दिली जाते आणि अखेरची फेरी पसंतीची असते. तेथे मुलगी फार तर दोन-तीन घरांतच जाते. प्रत्येक फेरीनंतर संघ आपल्या यादीतील नावे कमी करतो, मुलगीही आपला पसंतीक्रम लावते आणि दोन्ही याद्या संगणकावर जुळविल्या जातात. मुलींच्या मदतीला काही ज्येष्ठ विद्यार्थिनी समुपदेशक म्हणून नेमलेल्या असतात. त्या स्वतः कोणत्या संघाच्या, हे भरती संपेपर्यंत त्या सांगत नाहीत. 'तुला आम्ही घेणारच' असे वचन देण्यास संघांना मनाई आहे. ही सारी व्यवस्था पाहता तिला स्वयंवर म्हणावयास हरकत नाही. फरक इतकाच की, येथे वरमाला दोन्ही बाजूंच्या हातांत असते आणि ती घालण्याचे काम यंत्राकडे सोपविलेले असते.

या यंत्राचे गणित समजून घेतले पाहिजे. कारण बहुतेक अश्रू हे गणित न समजल्यामुळे गाळले जातात. समजा, एका विद्यापीठात दहा संघ आहेत आणि अखेरच्या फेरीपर्यंत एक हजार मुली टिकल्या आहेत. मग प्रत्येक संघाचा कोटा सुमारे शंभर. आता पहिल्या संघाने बोलावलेल्या शंभरांपैकी नव्वद मुली परत येतात, तर दहाव्या संघाच्या फक्त चाळीस, असा मागील वर्षांचा अनुभव आहे. तेव्हा पहिल्या संघाला सुरुवातीलाच फार थोड्या मुलींना बोलाविण्याची परवानगी मिळते आणि दहाव्याला पुष्कळ. लोकप्रिय घरांनी मुलींना शेवटपर्यंत झुलवीत ठेवू नये व इतर घरे ओस पडू नयेत, हा त्यातील हेतू. हेतू चांगला आहे. परंतु त्याचा परिणाम असा की, पहिल्याच रात्री ज्या मुलीचे नाव एखाद्या नामांकित घराच्या यादीतून गळते, ती आपल्या बोलण्यात, कपड्यांत, दिसण्यात काय उणे होते, याचा शोध घेत बसते. आणि प्रत्यक्षात त्या घराला त्या रात्री शेकडो मुली वगळणे नियमानेच भाग होते. हे कोणी तिला आधी नीट बसवून सांगत नाही. सांगितले तरी अठराव्या वर्षी ते पटत नाही, हेही खरे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. अखेरच्या फेरीनंतर मुलगी आपला पसंतीक्रम लिहून देते आणि एका बंधनपत्रावर सही करते. तिने लिहिलेल्या संघांपैकी कोणताही संघ तिला मिळाला आणि तिने तो नाकारला, तर त्या विद्यापीठात पुढील मुख्य भरतीपर्यंत परिषदेच्या कोणत्याही संघात तिला प्रवेश मिळत नाही. म्हणजे जे घर खरोखरच नको आहे, त्याचे नाव लिहू नये, हा एक नियम. पण दुसऱ्या बाजूने पाहता, जी मुलगी एकच नाव लिहिते, ती आपल्या हाताने बाकीची दारे लावून घेते. कारण ज्या मुलींनी मिळालेल्या सर्व आमंत्रणांचा मान राखला व सर्व नावे लिहिली, त्यांच्यासाठी कोट्याबाहेर जागा करून देण्याची तरतूद आहे, एकच नाव लिहिणारीसाठी नाही. महाराष्ट्रात अकरावीच्या केंद्रीय प्रवेशाचे अर्ज भरणाऱ्या पालकांना हा पेच अपरिचित वाटणार नाही. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले की ते घ्यावेच लागते, ही अट त्यांनीही अनुभवली आहे. मात्र तेथे निदान दहावीचे गुण छापील असतात.

या पसंतीच्या खेळाकडे अर्थशास्त्रज्ञांचेही लक्ष गेले, याचे नवल वाटावयास नको. सुसान मॉन्जेल आणि आल्विन रॉथ यांनी १९९१ साली 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' या नियतकालिकात त्या काळच्या भरतीपद्धतीचे विश्लेषण प्रसिद्ध केले. कागदावरच्या पद्धतीत दोष असूनही ती मोडून का पडत नाही, हा त्यांचा प्रश्न होता. आणि अनेक मुली धोरणीपणाने एकच नाव लिहितात, हे त्याच्या उत्तरातील एक मुख्य सूत्र होते. याच रॉथ यांना २०१२ साली लॉइड शॅप्ली यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तरुण डॉक्टरांना रुग्णालये नेमून देण्याच्या अमेरिकन पद्धतीची त्यांनी केलेली पुनर्रचना प्रसिद्ध आहे. डॉक्टरांची नेमणूक आणि भगिनीसंघांची भरती ही गणिताच्या दृष्टीने सख्खी भावंडे आहेत, हे कळले म्हणजे या सोहळ्याकडे केवळ पोरखेळ म्हणून पाहता येत नाही.

परंतु जुळणीचे गणित कितीही निर्दोष केले तरी ते यादीत काय भरले जाते, याला जबाबदार नसते. खरा प्रश्न तेथे आहे. संघाच्या सभासद बंद दाराआड प्रत्येक मुलीला कशाच्या आधारे जोखतात? किमान गुणांची अट असते, शाळेतील कार्य पाहिले जाते, हे सांगितले जाते. वीस मिनिटांच्या संभाषणातून मात्र जे सर्वांत आधी दिसते, ते म्हणजे बोलण्याची ढब, उन्हाळ्याची सुटी कोठे घालविली, कोणत्या शाळेतून आली, ओळखीचे कोण. थोडक्यात, वर्ग. दीर्घकाळपर्यंत माजी सभासदांची शिफारसपत्रे लागत आणि सभासदांच्या मुली, बहिणी, नाती यांना झुकते माप मिळे. २०२० नंतर अनेक संघांनी या दोन्ही प्रथा सोडल्या, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण प्रथा कागदावरून पुसली तरी घरातील शिकवण पुसली जात नाही. आई याच संघात होती, त्या मुलीला कोणत्या दारात कसे उभे राहावे, हे वेगळे शिकवावे लागत नाही.

वर्गाच्या पोटात अमेरिकेत वर्ण दडलेला असतो. अलाबामा विद्यापीठाच्या दाराशी १९६३ साली गव्हर्नर जॉर्ज वॉलेस दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची वाट अडवून उभे राहिले होते. त्याला बरोबर पन्नास वर्षे झाली, तेव्हा २०१३ च्या सप्टेंबरमध्ये त्याच विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या 'क्रिम्झन व्हाइट' या वृत्तपत्राने उघडकीस आणले की, उत्तम गुण मिळविलेल्या एका कृष्णवर्णीय मुलीला संघांनी नाकारले, आणि काही सभासद मुली तिला घ्यावयास तयार असताना माजी सभासदांनी त्यात खोडा घातला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, हे सांगितले ते संघांतील मुलींनीच. विद्यापीठाच्या अध्यक्षांना हस्तक्षेप करावा लागला, भरती पुन्हा खुली झाली आणि काही कृष्णवर्णीय मुलींना आमंत्रणे गेली. ज्या निवडीची कारणे कधीच सांगावी लागत नाहीत, त्या निवडीत असा अन्याय किती वर्षे सुखाने नांदू शकतो, याचे याहून बोलके उदाहरण दुसरे नाही. कायद्याचाही येथे फारसा आधार मिळत नाही. शिक्षणातील लिंगभेदाला बंदी करणारा १९७२ चा कायदा झाला, त्यात १९७४ साली दुरुस्ती करून असे संघ त्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आले.

वगळल्या गेलेल्यांनी आपापली घरे बांधली, हा इतिहासही विसरता येत नाही. हॉवर्ड विद्यापीठात १९०८ साली 'आल्फा कापा आल्फा' हा कृष्णवर्णीय स्त्रियांचा पहिला संघ निघाला. कमला हॅरिस या त्याच संघाच्या. त्याच विद्यापीठातील 'डेल्टा सिग्मा थीटा'च्या मुली १९१३ साली वॉशिंग्टनच्या स्त्री-मताधिकार मोर्चात चालल्या. या संघांत फेऱ्या नाहीत, संगणकाची जुळणी नाही, आणि सभासदत्व पदवीनंतरही आयुष्यभर चालते. १९९८ साली दक्षिण आशियाई मुलींचे संघही टेक्सास व न्यूयॉर्कमध्ये निघाले. अमेरिकेत वाढलेल्या मराठी घरांतील मुलींपुढे आज या दोन्ही प्रकारची दारे आहेत. आणि 'हे काय नवीन खूळ' म्हणून आईवडिलांनी विषय झटकून टाकला, तर ती निवड मुलीला एकटीलाच करावी लागते.

खूळ म्हणून झटकून टाकण्याइतका हा विषय स्वस्तही नाही. नोंदणीच्या शुल्कापासून सुरुवात होते आणि वार्षिक वर्गणी, संघाच्या घरातील निवास व भोजन, समारंभांचे कपडे असे आकडे वाढत जाऊन वर्षाला हजारो डॉलरांवर जातात. मोठ्या वसतिविद्यापीठात एकटी पडलेल्या मुलीला त्या बदल्यात मैत्रिणी, राहण्याची जागा, आजारपणात विचारपूस आणि पुढे नोकरीच्या वाटेवर ओळखी मिळतात, हे संघांचे समर्थक सांगतात व त्यात तथ्य आहे. तीस-चाळीस हजार विद्यार्थ्यांच्या गर्दीत कोणी नाव घेऊन हाक मारावी, ही इच्छा उथळ नव्हे. आक्षेप आहे तो ही हाक पैसे व ओळख असलेल्यांनाच आधी ऐकू यावी, या व्यवस्थेला.

भरतीला निघालेल्या मुलीने म्हणूनच काही प्रश्न पहिल्याच फेरीत विचारावेत. वर्षाची एकूण रक्कम किती, घरात राहणे सक्तीचे किती काळ, वर्गणी थकली तर काय होते? या प्रश्नांवर जे घर अवघडून जाते, त्याच्याविषयी तिला पुरेसे कळलेले असते. विद्यापीठांची जबाबदारी याहून मोठी आहे. प्रिन्स्टनने २०१२ पासून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना अशा संघांत जाण्यास मनाई केली. काही ठिकाणी भरती जानेवारीत होते, तोवर मुलींना वर्ग, ग्रंथालय आणि स्वतःच्या ओळखी सापडलेल्या असतात. २०२४ च्या डिसेंबरात झालेल्या संघीय कायद्याने नवागतांच्या छळाच्या घटना जाहीर करणे विद्यापीठांना बंधनकारक केले आहे. प्रत्येक संघाचा वार्षिक खर्च आणि कोणत्या फेरीत किती मुली गळाल्या, याचे आकडेही त्याच पानावर, नोंदणीचे शुल्क भरण्याच्या आधी, मुलींपुढे ठेवण्यास कोणत्याही विद्यापीठाला नव्या कायद्याची वाट पाहावी लागणार नाही.