सहा हजारांची होडी

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात आमच्याकडे चक्क एका होडीवरून अबोला झाला! भाट्याच्या खाडीकाठी कलंडून पडलेली जुनी लाकडी होडी, किंमत अवघी सहा हजार. रविवारी दुरुस्त करू, मुलांना फिरवू, असं ह्यांचं म्हणणं. पैसे मात्र माझ्या शिकवणीचे, पडवीच्या कौलांसाठी साठवलेले.

नाही म्हणण्याआधी बघू तरी, म्हणून होड्या बांधणाऱ्या एका म्हाताऱ्या सुतारकाकांना घेऊन गेलो. फळ्यांच्या फटींतून उजेड दिसला नि मी नाक मुरडलं. काका हसले. "बाई, वाळलं की लाकूड आक्रसतं. पाण्यात पडलं की फुगून फटी मिटतात. राहिल्या त्यांत कापूस ठासायचा."

मग त्यांनी दाभण मागितलं. (माझंच, गोधडीचं!) तळाच्या कण्याला टोचलं, तर मुठीपर्यंत आत! बाहेरून टाचणीएवढी भोकं, आत खाऱ्या पाण्यातल्या किड्यानं सगळं पोखरलेलं. पावसाचं गोडं पाणी साचून कोपरे कुजलेले, ते वेगळंच. फळ्या बदलता येतात. कणाच गेला तर होडी नवीच बांधायची.

घरी येऊन लाकूड, मजुरी, रंग, पावसाळ्यातला आडोसा, सारं वहीत मांडलं. सहा हजार ही तर नुसती सुरुवात होती! ह्यांचा चेहरा उतरला. मलाही वाईटच वाटलं, खरं सांगते.

कौलं बसली. परवा हे हळूच म्हणाले, "मिऱ्याला एक आहे म्हणे."

मी दाभण पिशवीत टाकलं.