संग्राहकाचा स्कॅनर

आमच्या एका तरुण स्नेह्याच्या कपाटात नव्वदच्या दशकातील कुस्तीगिरांची ट्रम्प कार्डे, धावा आणि बळी मोजीत बबलगमच्या वेष्टनांतून जमविलेली क्रिकेटपटूंची चित्रे, पोकेमॉनची चकचकीत कार्डे आणि आयपीएलच्या निमित्ताने निघालेली क्रिकेट ॲटॅक्सची कार्डे अशी सरमिसळ दौलत आहे. आणि वाळवी, दमट हवा व धाकटी भावंडे या तिघांपैकी कोणाच्याही हाती ती लागली, तरी निदान दप्तरी दाखला राहावा, या हेतूने तिच्या प्रतिमा करून ठेवण्याचे त्याने मनावर घेतले आहे. ‘काका, स्कॅनर कोणता घेऊ?’ असे त्याने मला विचारले. बाजारात या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत देण्याचा प्रघात आहे. माझ्या मते ते कार्डाच्या अंगकाठीत शोधावे: कार्ड किती जाड, किती चकचकीत, कशात बंद केलेले, आणि रोलरखालून जाऊ देण्याइतके स्वस्त आहे की नाही.

या छंदाचे आद्य दप्तरदार म्हणता येतील असे अमेरिकेतील जेफरसन बर्डिक यांनी १९३९ साली कार्डांची वर्गवारी लावणारी सूची छापली. १९०९ ते १९११ या काळात तंबाखूच्या पाकिटांतून निघालेल्या बेसबॉलपटूंच्या कार्डांना आजही ‘टी २०६’ हा जो संकेत लावतात, तो त्यांच्याच सूचीतला. पुढे त्यांनी आपला तीन लाखांहून अधिक नगांचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियमच्या स्वाधीन केला, आणि संधिवाताने देह जखडलेला असताना, तो आल्बमांत चिकटविण्याचे काम जानेवारी १९६३ मध्ये पुरे करून त्याच वर्षी मार्चमध्ये ते निवर्तले. निष्ठा असावी तर अशी. तथापि चिकटविलेल्या कार्डांच्या पाठी कागदाआड गेल्या, आणि टी २०६ च्या बाबतीत तर पाठीवर तंबाखूच्या कोणत्या छापाची जाहिरात आहे, यावर कार्डाचे मोल पालटते! सबब दोन्ही बाजूंची नक्कल झाल्याखेरीज कार्डाची नोंद पुरी झाली असे मानू नये.

आता आकड्यांचा मामला. खोक्यावर ४८०० किंवा ६४०० डीपीआय, म्हणजे दर इंचाला इतके बिंदू, असे ठळक छापलेले असते, आणि कोठे कोठे तर यंत्राच्या दृष्टीला जे दिसतच नाही ते संगणकाने अंदाजाने भरून काढलेले याहून फुगीर आकडेही असतात. कार्ड ही मुळात छापलेली वस्तू. तिच्यावरचे चित्र शाईच्या ठिपक्यांच्या जाळीचे बनलेले असते, आणि त्या जाळीच्या पलीकडे डोकावून पाहिले तर कागदाच्या तंतूंखेरीज तेथे काही नसते. ३०० डीपीआयवर ही जाळी आणि स्कॅनरची जाळी एकमेकींत गुंतून प्रतिमेवर लहरींसारखी नक्षी उमटण्याचा संभव असतो. ६०० वर ती बहुतांशी निवळते. अडीच इंच रुंद आणि साडेतीन इंच उंच अशा रूढ मापाच्या कार्डाची ६०० डीपीआयवरील एक बाजू म्हणजे १५०० गुणिले २१०० बिंदू, आणि न आकसता साठविल्यास सुमारे साडेनऊ मेगाबाइट. एक हजार कार्डांच्या दोन्ही बाजू १९ गिगाबाइटांत मावतात. तेच १२०० वर नेले की जागा चौपट लागते आणि लाभ जवळपास शून्य. डीपीआयच्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजणे हा मला शुद्ध अपव्यय वाटतो.

खरा भेद यंत्राच्या पोटात आहे. फ्लॅटबेड स्कॅनर दोन जातींचे. सीआयएस जातीत संवेदकांची पट्टी काचेच्या अगदी निकट सरकत जाते. यंत्र पातळ, हलके आणि स्वस्त होते, यूएसबीच्या तारेतूनच वीज घेते, परंतु त्याची दृष्टी काचेला लागून असलेल्या वस्तूपुरतीच स्पष्ट असते. सीसीडी जातीत आरसे आणि भिंग यांतून प्रतिमा लहान करून संवेदकावर पाडतात, म्हणून यंत्र जाडजूड होते, त्याला विजेची वेगळी जोडणी लागते, पण काचेपासून काही मिलिमीटर वर असलेली वस्तूही त्याला चांगली दिसते. सपाट कागदाला या फरकाने काहीच बाधत नाही. परंतु मौल्यवान कार्डे हल्ली दर्जा ठरवून कडक प्लॅस्टिकच्या पेटीत बंद करून येतात, आणि त्या पेटीची भिंतच कार्डाला काचेपासून उचलून धरते. शिवाय चमकीचा थर आणि कागदाचा थर दमट हवेत सारख्या प्रमाणात फुगत नसल्यामुळे चकचकीत कार्डे धनुष्यासारखी वाकतात, आणि कोकणातल्या आषाढ-श्रावणात तर ती सरळ राहिली तरच नवल. अशा कार्डाची कड सीआयएस यंत्रावर स्पष्ट आणि मध्य पुसट, किंवा याच्या उलट, अशी येते. कॅननचा लाइड ४०० किंवा एप्सनचा व्ही ३९ ही यंत्रे सीआयएस जातीची. एप्सनचा व्ही ६०० सीसीडीचा, वजनाने चार किलोंच्या आसपास. किमतीतील तफावत डोळ्यांत भरणारी आहे हे खरे, परंतु पेटीबंद कार्डे असलेल्या संग्राहकाने ती तफावत खुशीने सोसावी असाच माझा कौल आहे.

चमकीच्या कार्डांपुढे मात्र सीसीडीनेही हात टेकावेत. स्कॅनरचा दिवा ठरलेल्या कोनातून तिरपा प्रकाश टाकतो आणि वस्तूकडे समोरून पाहतो. साधा कागद प्रकाश सर्व दिशांना विखुरतो म्हणून दिसतो, पण चमकीचा थर तो आरशासारखा परतवून भलतीकडे पाठवितो, आणि ज्या झळाळीसाठी मुलांनी डबा-डबा रिकामा केला ती झळाळी प्रतिमेत काळवंडून जाते. कार्ड नव्वद अंशांत फिरवून पुन्हा स्कॅन केल्यास काही वेळा फरक पडतो. एरवी अशा निवडक कार्डांची प्रतिमा खिडकीतल्या मवाळ उजेडात, कॅमेरा स्थिर ठेवून घ्यावी. यंत्राशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

ज्यांच्याकडे हजारोंनी कार्डे आहेत त्यांचे चित्त कागद आपोआप आत ओढून घेणाऱ्या फीडरच्या यंत्राकडे वेधले जाते. फुजित्सूच्या फाय-७१६० सारखे यंत्र मिनिटाला ६० कागदांच्या दोन्ही बाजू टिपते, म्हणजे फ्लॅटबेडवर जे काम महिनाभर रेंगाळेल ते एका रविवारी उरकते. परंतु ही यंत्रे कचेऱ्यांतील दस्तऐवजांसाठी जन्मली आहेत. कागद ओढणारे रोलर कार्डाच्या कोपऱ्याची पर्वा करीत नाहीत, आणि आतल्या काचपट्टीवर धुळीचा एक कण बसला की त्यानंतरच्या प्रत्येक कार्डावर उभी रेघ उमटत राहते, जी पाचशे कार्डे होऊन गेल्यावर ध्यानात येते. म्हणून जी कार्डे गमावली तरी झोप उडणार नाही, तीच फीडरच्या हवाली करावी.

फ्लॅटबेडच्या ए-४ मापाच्या काचेवर रूढ मापाची नऊ कार्डे एका वेळी सुखाने बसतात. कार्डांना पांढरी किनार असेल तर वर काळा कागद टाकावा, नाहीतर यंत्राच्या पांढऱ्या झाकणात ती किनार विरघळते आणि आपोआप कातरणारी आज्ञावली कार्डाचाच भाग छाटून मोकळी होते. रंग ‘सुधारण्याची’ स्वयंचलित सोय निमूटपणे बंद करावी. पिवळा पडलेला कागद पिवळाच दिसला पाहिजे, कारण ती त्याच्या वयाची निशाणी आहे. मऊ पीव्हीसीच्या खिशांत ठेवलेली कार्डे बाहेर काढूनच स्कॅन करावीत आणि परत त्या खिशांत घालूच नयेत, कारण ते प्लॅस्टिक कालांतराने शाईला चिकटते.

स्नेह्याला मी शेवटी सांगितले ते इतकेच: पेटीबंद किंवा वाकलेली कार्डे असतील तर सीसीडीचा फ्लॅटबेड, सारी कार्डे सुटी आणि सपाट असतील तर स्वस्तातला सीआयएस, आणि दोन्ही बाबतींत ६०० डीपीआय. सीसीडीचे नवे यंत्र परवडत नसेल तर जुने घेण्यास कचरू नये. फक्त विकत घेण्यापूर्वी पेटीत बंद केलेले एक कार्ड बरोबर न्यावे, विक्रेत्यासमोरच ते स्कॅन करून पाहावे, आणि कार्डावरची बारीक अक्षरे वाचता आली तरच पैसे मोजावेत.